काच काढलेलं घड्याळ

धाकट्याचा धंदा दातांचा. डॉक्टर लोक रुग्णाच्या तोंडाचा साचा घेऊन त्याच्याकडे पाठवायचे आणि तो त्यावरून कवळ्या, कॅपा बनवून द्यायचा. ज्यांच्या तोंडात त्याचं काम बसलेलं होतं अशी शेकडो माणसं गावात हिंडत होती, पण घरची सोडली तर त्यांतलं एकही त्याला ओळखत नव्हतं. त्याचं त्याला काही वाटत नसे. कॅप ओळखू आली तर ती फसली, असं तो म्हणायचा.

घरामागच्या खोलीत त्याची दोन टेबलं होती. दाराजवळचं दातांचं, आणि खिडकीजवळचं, उजेडाचं, छंदाचं. नामांकित कंपन्यांच्या महागड्या घड्याळांच्या हुबेहूब नकला मिळतात, तशा तो टपालानं मागवायचा आणि आल्याबरोबर उघडून बसायचा. नक्कल करणाऱ्यानं कुठे आळस केलाय ते त्याला भिंगाखाली लगेच दिसे. तारखेचा आकडा जाड छापलेला, काट्यांची धार बोथट, काचेभोवतीच्या कड्यावरचे दाते ओबडधोबड. मग महिनाभर तो ते घड्याळ सुधारत बसे. काटे बदलायचा, आतलं मशीन काढून चांगलं घालायचा, कडं दातांच्या पॉलिशनं घासायचा. मनासारखं झालं की ते खणात जाई. विकायचा मात्र कधीच नाही. खणात एकतीस घड्याळं होती.

"एकतीस घड्याळं," त्याची बायको म्हणायची, "आणि जेवायला एकदा तरी वेळेवर येईल माणूस? नाव नको."

दुसरा नाद गाड्यांचा, आणि तो मात्र थोरल्याकडून लागलेला. थोरला म्हणजे त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा सख्खा भाऊ. त्याचा स्प्रिंगांचा कारखाना होता. बोटांत स्प्रिंग दाबून तो तिचा ताण सांगायचा आणि मोजायच्या यंत्राला विचारायचीही गरज पडायची नाही. चाळिशी ओलांडल्यावर त्यानं पहिली स्पोर्ट्‌स कार घेतली, लाल, उघड्या टपाची, दोन माणसांची. पुढे एक करडी आली. धाकट्यानंही मग एक जुनी पिवळी दोन माणसांची घेतली. तिचे निम्मे भाग त्यानं स्वतःच्या हातानं खोलून बसवलेले. दर रविवारी सकाळी दोघं भाऊ गाड्या काढायचे आणि गावाबाहेरच्या पेट्रोल पंपाशी त्यांच्यासारखेच दहा-बारा वेडे जमायचे. बॉनेट उघडून चहा पीत तासभर बोलायचं आणि जेवायच्या आत घरी.

कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा थोरल्यानं स्वतःसाठी एक घड्याळ घेतलं. खरं. धाकटा ज्या घड्याळाच्या नकला सुधारत बसायचा, नेमकं तेच. त्या दिवशी धाकट्यानं ते हातात घेऊन, श्वास रोखून पाहिलं, दोनदा, तीनदा उलटं करून पाहिलं आणि परत दिलं. थोरला हसला. "उघडायचं नाही हं," एवढंच म्हणाला.

बिनसलं ते पंपावर. एका रविवारी नवा सभासद आला होता, बांधकामं घेणारा. त्याची नजर धाकट्याच्या मनगटावर गेली. "काय घड्याळ आहे हो! ओरिजिनल?"

धाकटा आजवर या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचा. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आदर त्याला गोड लागला असावा. "हो," तो म्हणाला.

थोरला शेजारी चहाचा पेला घेऊन उभा होता. त्याला खोटं अजिबात खपत नसे. कारखान्यात एक ग्रॅम कमी भरलेलं खोकं सापडलं तरी तो सगळा माल परत उघडायला लावायचा. "हा आमचा धाकटा," तो मोठ्यानं म्हणाला. "दातही खोटे करतो आणि घड्याळंही. आता बोलायलाही शिकलाय."

सगळे हसले. बांधकामवालाही हसला. धाकट्यानं चहाचा पेला बॉनेटवर ठेवला, पिवळी गाडी काढली आणि निघून आला. त्यानंतर तीन वर्षं भाऊ एकमेकांना भेटले नाहीत. वहिनी वाढदिवसाला फोन करायच्या. "यांना देऊ का?" असं विचारायच्या, आणि दोन्हीकडून काही ना काही काम निघायचं. धाकट्याला राग भावाच्या बोलण्याचा होताच. पण ते बोलणं खरं होतं, हे त्याला जास्त झोंबत होतं.

मग एका सकाळी वहिनींचा फोन आला. वाढदिवस कोणाचाच नव्हता.

"भाऊजी, जरा याल का? आत्ताच या."

"दादाला काही झालं?"

"त्यांना काही नाही झालं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चिरकला. "दुसऱ्याला होता होता राहिलं."

शेजारच्या घरात एक शिक्षिका राहायच्या. आदल्या दिवशी दुपारी त्या शाळेतून येऊन फाटकाचं कुलूप काढत होत्या. थोरल्याची लाल गाडी गल्लीत वळली, सरळ त्यांच्या अंगावर आली, आणि आरशात अडकून त्यांच्या खांद्यावरची पिशवी फरफटत गेली. वीतभर अंतरानं त्या वाचल्या. गाडी थांबली नाही. थोरला घरी येऊन वहिनींना म्हणाला, "रस्त्यात कुणी पिशवी टाकून ठेवलीय." वहिनी बाहेर जाऊन पाहतात तर बाई पायरीवर बसलेल्या, किल्ली मुठीत घट्ट धरून थरथरत होत्या.

"यांना त्या दिसल्याच नाहीत हो," वहिनी म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली, ती चिठ्ठी मला काल यांच्या कपाटात मिळाली. मला म्हणायचे, चष्म्याचा नंबर वाढलाय."

थोरला मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता. पावलं ऐकून त्यानं मान किंचित तिरकी केली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. भावाचा चेहरा डोळ्यांच्या कडेनं पकडायची ती धडपड होती. ते पाहून, वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं धाकटा विसरला.

"तू आहेस होय," थोरला म्हणाला. "तिनं बोलावलं?"

"हो."

"किल्ल्या न्यायला?"

"हो, दादा."

मग थोरल्याचा आवाज चढला. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, साधा ओरखडा नाही, सगळ्यांनी मिळून आपल्याला म्हातारं ठरवलंय. धाकट्यानं ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "दादा, मी काय रंगाचा शर्ट घातलाय?"

थोरल्यानं मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला तिरकी केली. थोड्या वेळानं खिशातून दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या काढून त्यानं खुर्चीच्या हातावर ठेवल्या आणि तोंड फिरवलं. धाकटा किल्ल्या घेऊन आत आला तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तिथून तो शिक्षिकाबाईंकडे गेला, भावाच्या वतीनं माफी मागितली आणि त्यांचं ऐकून घेत बसला. बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे बसणं आणखी अवघड झालं. दोन दिवसांनी थोरला स्वतः त्यांच्याकडे गेला. आत काय बोलणं झालं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी धाकटा परत आला. "लाल गाडी किती दिवस उभी ठेवणार? बॅटरी बसेल. चल."

थोरला आधी नको म्हणाला. मग चपला शोधायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या गाडीत चालवणाऱ्याची जागा सोडून शेजारच्या जागेवर बसला. पहिले दोन-तीन मैल त्यानं नुसती दाराची मूठ धरून ठेवली. चढाला धाकट्यानं गिअर बदलला तसा तो खेकसला, "लवकर टाकलास. आवाज ऐक की तिचा! अजून मागतेय ती." धाकट्यानं पुढच्या चढाला थांबून बदलला. "आत्ता," थोरला म्हणाला आणि त्याचे खांदे जरा सैल झाले.

असे रविवार सुरू झाले. पंपाकडे मात्र ते गेले नाहीत. दुसऱ्याच रस्त्यानं जायचे.

गाडीत थोरला सारखी वेळ विचारायचा. निघताना, वळणाशी, परतताना. मनगटावर त्याचं ते खरं घड्याळ असायचंच, रोज सकाळी सवयीनं तो ते बांधायचा. "मधोमध डाग," तो एकदा म्हणाला. "नेमकं जिथं काटे असतात तिथं." त्याच्या मुलीनं परगावाहून एक बोलणारं घड्याळ पाठवलं होतं. कळ दाबली की बाईच्या आवाजात वेळ सांगणारं. थोरल्यानं ते आठ दिवस वापरलं. नवव्या दिवशी तो कारखान्यातल्या एका जुन्या कामगाराच्या घरी समाचाराला गेला होता. माणसं मान खाली घालून बसलेली, आणि चुकून कळ दाबली गेली. त्या बाईनं खणखणीत आवाजात अकरा वाजून बावीस मिनिटं झाल्याचं सांगितलं. थोरल्यानं घरी येऊन ते घड्याळ कपड्यांच्या घड्यांखाली पुरलं.

"वेळ बघायचीसुद्धा चोरी झाली," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला विचारतो, तर ती कामात असते. मग मी विचारतच नाही."

त्या आठवड्यात धाकट्यानं खणातलं एक घड्याळ काढलं. बरीच मेहनत घेतलेलं, त्याचं लाडकं. त्यानं त्याची काच काढली. कडं अर्धं कापून त्याला बिजागरी केली. कवळीची आकडी ज्या चिवट धातूची ओततात त्याच धातूची, तांदळाच्या दाण्याएवढी. काचेच्या जागी पातळ पत्रा बसवलेलं ते कडं आता डबीच्या झाकणासारखं उघडायचं. मूळचे काटे बोट लागताच वाकले असते, म्हणून त्यानं पोलादी पत्र्याचे नवे काटे कापले, तासाचा आखूड आणि रुंद, मिनिटांचा लांब. दर तासाच्या जागी उंचवटा, बाराला दोन उंचवटे. दातांच्या कामात अर्ध्या केसाएवढी उंची जास्त झाली तर माणसाला घास चावता येत नाही. त्या सवयीचं बोट त्यानं डोळे मिटून काट्यांवरून फिरवलं. तीन वेळा मोडून चौथ्यांदा ते जमलं.

रविवारी त्यानं ते गाडीतच थोरल्याच्या हातावर ठेवलं. "झाकण उघड आणि बोट ठेव. हलकं."

थोरल्याची बोटं स्प्रिंग ओळखणारी. त्यानं झाकण उघडलं, तर्जनी ठेवली, थोडी फिरवली. "नऊ... नऊ चाळीस. नाही, बेचाळीस." धाकट्यानं गाडीतल्या घड्याळात पाहिलं. बेचाळीस.

थोरला पुन्हापुन्हा झाकण उघडत-मिटत राहिला. मग घड्याळ उलटं करून त्यानं पाठीवरून अंगठा फिरवला, चावी दोन फेरे फिरवली, आणि त्याचा चेहरा बदलला. "हे तुझ्यातलं ना? नकली?"

"हो. नकली," धाकटा म्हणाला. त्यानं गाडी कडेला घेतली. "दादा, मी ते तुला फसवायला—"

"माहितेय मला." थोरल्यानं घड्याळ त्याच्या मांडीवर ठेवलं. "काम सुरेख आहे. पण माझ्या हातात नाही राहायचं ते. मी आयुष्यभर लोकांना एक बोललो, आता हे बांधून कसा फिरू?" मग त्यानं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं. "याचं कर असं."

धाकट्याला आधी कळलंच नाही. कळलं तसे त्यानं हात मागे घेतले. "दादा, हे खरं आहे."

"म्हणूनच."

"याला कापलं की संपलं. कंपनी परत हात लावणार नाही. मी काही घड्याळजी नाही, हौशी माणूस आहे. माझ्या हातून—"

"माझे दोन दात तू केलेस," थोरला म्हणाला. "वीस वर्षं झाली. कधी बोललो का? चावतोय की त्यांनी."

धाकट्यानं घड्याळ घरी नेलं आणि सहा दिवस त्याला हात लावला नाही. डॉक्टरांच्या कवळ्या आधी संपवल्या. बायको म्हणाली, "दादांनी एवढ्या विश्वासानं दिलंय." तो म्हणाला, "तेच तर." सातव्या दिवशी सकाळी त्यानं हात धुतले, खिडकीचा पडदा बाजूला केला आणि मागचं झाकण खोललं. आतलं मशीन पाहून तो घटकाभर तसाच बसला. इतकी वर्षं तो ज्याच्या सावलीमागे धावत होता ते समोर टिकटिकत होतं.

काच निघाली. कडं कापून झालं. जुने काटे काढताना मात्र मिनिटाच्या काट्याखाली घातलेली बारीक पट्टी निसटली आणि तबकडीवरून सरकली. चारच्या खुणेपासून थेट मध्यापर्यंत एक पांढरी रेघ उमटली.

धाकट्यानं अवजार खाली ठेवलं. थोड्या वेळानं तो उठला, खण उघडला आणि त्याच मापाची, त्याच निळ्या रंगाची नकली तबकडी काढली. त्यानं ती स्वतः सुधारलेली होती, अक्षरन्‌अक्षर जुळवलेली. पाऊण तासात ती बसलीसुद्धा. भिंगाखाली पाहिलं, काही फरक नाही. वहिनींना कळणार नव्हतं, पुतणीला कळणार नव्हतं, आणि ज्याचं घड्याळ होतं त्याला तर दिसणारच नव्हतं. आजवर त्यानं केलेल्या कामांत हे सर्वांत बेमालूम होतं.

त्यानं चहा करून घेतला. तो निवेपर्यंत तो त्या निळ्या तबकडीकडे बघत राहिला. मग पुन्हा भिंग लावलं, ती तबकडी काढली आणि ओरखड्याची बसवली.

रविवारी गाडी बाहेर काढायच्या आधी, अंगणातच त्यानं घड्याळ थोरल्याला दिलं. थोरल्यानं झाकण उघडलं, बोट ठेवलं. "आठ दहा," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. "अरे, जमलं की!"

"दादा, तबकडीवर ओरखडा पडलाय. माझा हात सरकला."

थोरल्याचं हसू थांबलं. "केवढा?"

"चारपासून मध्यापर्यंत. खोल आहे. झाकता आला असता. माझ्याकडची तबकडी घातली होती मी. हुबेहूब दिसत होती. मग काढली."

थोरल्यानं नख तबकडीवर टेकवलं आणि हळूहळू सरकवलं. एका ठिकाणी ते थांबलं. रेघ सापडली होती. तिच्यावरून त्यानं दोनदा नख फिरवलं. धाकटा वाट बघत उभा राहिला, शाळेत मास्तरांपुढे उभं राहावं तसा.

"वाईट वाटलं," थोरला म्हणाला. "वाटणारच. घेतलं तेव्हा चार दिवस झोपलो नव्हतो आनंदानं." मग त्यानं झाकण मिटलं. "पण तू नसतं सांगितलंस तर मला कळलं नसतं. हे कळतंय मला." तो पट्टा बांधायला लागला. बक्कल सापडेना, तशी धाकट्यानं लावून दिली. हात सोडवून न घेता थोरला म्हणाला, "पंपावर मी तसं बोलायला नको होतं. घरी येऊन बोललो असतो. चार लोकांत नको होतं."

"मीही खोटं बोललो होतो, दादा."

"ते होतंच," थोरला म्हणाला. "चल, उशीर होतोय."

त्या हिवाळ्यात करडी गाडी त्या बांधकामवाल्यानं घेतली. लाल तेवढी थोरल्यानं ठेवली. पुढे एका सोमवारी त्यानं धाकट्याला फोन करून कामाच्या वेळात बोलावून घेतलं. त्याला गाडी चालवायचा परवाना परत करायचा होता.

परवान्याच्या कार्यालयात रांग दारापर्यंत आली होती. बहुतेक सगळी तरुण पोरं-पोरी, हातात फोटो आणि अर्ज. पाऊण तासानं खिडकी आली. आतल्या कारकून बाईंनी मान वर न करता विचारलं, "नवा की नूतनीकरण?"

"परत द्यायचाय," थोरला म्हणाला.

"हरवलेला सापडला का?"

"नाही. माझाच आहे. अजून तीन वर्षं चालतो. पण मला दिसत नाही."

बाईंनी आता वर पाहिलं. मग शेजारच्या कारकुनाशी हळू आवाजात बोलल्या. परत करायचा छापील अर्ज त्यांच्याकडे नव्हता. शेवटी त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "साध्या कागदावर लिहून द्या. कोणी येत नाही हो यासाठी."

धाकट्यानं लिहायला पेन काढलं, पण थोरल्यानं कागद स्वतःकडे ओढला. "तू मजकूर सांग, मी लिहितो." भिंतीजवळच्या बाकावर बसून, मान तिरकी करून, एकेक ओळ दुसरीवर चढत असताना त्यानं चार वाक्यं लिहिली आणि सही केली. सही मात्र नेहमीसारखी झोकदार आली. परवान्याचं कार्ड त्यानं पाकिटातून काढलं, कडांवरून अंगठा फिरवला आणि खिडकीत सरकवलं. बाईंनी त्याला भोक पाडून कागदाला टाचलं आणि पोच दिली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. थोरला शेवटच्या पायरीवर थांबला. धाकट्याला वाटलं, त्याला चक्कर आली. त्यानं दंड धरला.

"ठीक आहे मी," थोरला म्हणाला. पण त्यानं दंड सोडवला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्याला घाई नव्हती. रांगेतली पोरं त्यांना वळसा घालून वर जात होती. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "गाडी कुठे लावलीयस?"

"समोरच आहे. रस्ता ओलांडून."

"मग धर नीट," थोरला म्हणाला, आणि दोघं भाऊ रस्त्याच्या कडेला येऊन वाहनं थांबायची वाट बघत उभे राहिले.